आंघोळीच्या आधी ये

आजींचा पाय माझ्या मांडीवर होता.

गुडघ्याचं ऑपरेशन झालेला उजवा पाय. अजून सुजलेला. आजी, म्हणजे वहिनींच्या सासूबाई, सोफ्यावर, मी खाली फरशीवर. टाच तळहातात धरून मी सांगत होते, "वाकवा. अजून थोडं. दुखलं तरी चालेल." टीव्हीवर कुठलीशी मराठी मालिका आवाज बंद करून लावलेली. त्या शनिवारी सकाळी सकाळीच वहिनींकडे तीन बायका आल्या होत्या. मंडळाच्या कार्यक्रमात कोण काय गाणार ते ठरवायला.

त्यांतली एक म्हणाली, "फिजिओ घरी येते तुमच्याकडे? आम्हाला तर कुणी मिळतच नाही."

वहिनी हसल्या. म्हणाल्या, "अगं, ही आमचीच. हिची मुलगी आमच्या पत्त्यावर शिकते ना."

"अच्छा," ती बाई म्हणाली. बाकीच्या दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मांडीवरच्या पायाकडे पाहिलं. मग पुन्हा गाण्यांकडे वळल्या.

माझी मुलगी बाल्कनीच्या दाराशी घडीच्या स्टुलावर बसली होती. आठ वर्षांची. तिच्या हातात सरबताचा कागदी पेला. वहिनींचा मुलगा तिच्याच शाळेत, तिच्याच वयाचा. तो समोर काचेच्या ग्लासातून तेच सरबत पीत होता. तिने एकदा त्याच्या ग्लासाकडे पाहिलं, एकदा आपल्या पेल्याकडे. आणि सगळ्यांसमोर विचारलं.

"मम्मी, व्हाय वी ऑलवेज गेट पेपर कप आह?"

वहिनी म्हणाल्या, "अगं, काच फुटते ना, बेटा."

त्यांच्या मुलाच्या हातातली काच काही फुटत नव्हती. मला दिसत होतं. त्या तिघींनाही दिसत होतं. मी मान खाली घातली आणि आजींचा पाय पुन्हा वाकवला. माझे कान तापले होते. हात मात्र नीट चालत होते, ते शिकलेले हात आहेत.

हे असं कसं झालं ते सांगते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. इथे परदेशात, नोव्हेनाला एका हॉस्पिटलात काम करते. नवरा वन-नॉर्थला कॉम्प्युटरच्या कंपनीत. आम्ही दोघेही परभणीकडचे. माझी आजी सुईण होती. अर्ध्या गावाची बाळंतपणं तिने केली. बाळ बाहेर येईपर्यंत तिचा हात चालायचा. बाळ रडलं की तिला उंबऱ्याबाहेर काढायचे आणि घरभर गोमूत्र शिंपडायचे. माझ्या आईने ते काम करायला साफ नकार दिला. सासूशी भांडली, गावाशी भांडली, तालुक्याला येऊन राहिली. म्हणून मी शिकले. म्हणून मी इथे आहे. हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि वेळेला आठवणं वेगळं.

इथे आलो तेव्हा घर मिळेना. एजंट फोनवर गोड आवाजात सांगायचा, ओनर प्रिफर नो इंडियन, कुकिंग स्मेल, सॉरी आह. चार ठिकाणी तेच. मग कुणीतरी वहिनींचा नंबर दिला. वहिनी अकाउंटंट, त्यांचे यजमान बँकेत मोठ्या हुद्द्यावर. पुण्याचे. आता इथले नागरिक. सेरंगूनला ते खासगी कॉन्डोत राहत होते आणि रस्त्यापलीकडचा, सरकारी वसाहतीतला त्यांचा जुना एचडीबी फ्लॅट रिकामा होता. वहिनी म्हणाल्या, "बघा ना, काय लोक आहेत. माणूस बघत नाहीत, वंश बघतात. म्हणून आम्ही ठरवलंय, घर द्यायचं तर आपल्याच माणसांना द्यायचं."

मला रडू आलं होतं तेव्हा. आपली माणसं, म्हणाल्या होत्या.

आमचं आडनाव गावावरून पडलेलं. शेवटी 'कर'. ते कुठल्याही जातीत बसतं. त्यांनी ते आपल्या सोयीने बसवलं. मी लपवलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. नंतर मात्र विचारलं. आपल्याकडे विचारायची जी पद्धत आहे, त्याच पद्धतीने.

मुलीला पहिलीत घालायचं तो काळ. शाळा फ्लॅटपासून चालत जाण्यासारखी. इथला नियम असा की शाळेपासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना आधी जागा. त्यातही गुलाबी कार्डवाले नागरिक आधी, मग आमच्यासारखे कायम राहायचा परवाना असलेले निळ्या कार्डवाले. आणि जो पत्ता दाखवून जागा घेतली त्या पत्त्यावर अर्ज केल्यापासून अडीच वर्षं राहायचं. आधी सोडून गेलात तर मुलाला तुमच्या नव्या घराजवळच्या शाळेत पाठवतात. आम्हाला जागा मिळाली. चिठ्ठ्या पडल्या आणि मिळाली. मी हॉस्पिटलातून नवऱ्याला फोन करून आनंदाने ओरडले होते.

मुलगी शाळेत रमली. मोठं कॅन्टीन, तिला आवडणाऱ्या टीचर, दोन मैत्रिणी. एक मलय, एक चिनी. तिघींची वेणी सारखी. चालत जायची, चालत यायची. तिला वाटायचं जग असंच असतं, शाळेला चालत जाण्याएवढं.

मग गणपती आले. वहिनींनी बोलावलं. गौरींची आरास भारी होती, इथे ऑर्किड स्वस्त मिळतात, सगळी भिंत जांभळी केलेली. वहिनींनी माझ्या हातावर खोबऱ्याची बर्फी ठेवली आणि सहज विचारलं, "तुमच्याकडे गौरी उभ्याच्या की खड्यांच्या?"

हा प्रश्न मराठी माणसालाच कळतो. इतर कुणाला वाटेल की सजावटीबद्दल चाललंय.

मी म्हटलं, "आमच्याकडे गौरी बसत नाहीत. आम्ही बौद्ध."

वहिनी हसल्या. "अगं बाई, इथे तर सगळेच बुद्धिस्ट! आमच्या खालची मिसेस टॅनपण." आणि हसता हसता थांबल्या. त्यांना कळलं. मला त्यांच्या डोळ्यांत ते कळताना दिसलं. मग त्यांनी बर्फीचं ताट डाव्या हातात घेतलं आणि दुसऱ्या बाईकडे वळल्या.

त्या दिवसापर्यंत मी 'तुम्ही' होते. त्यानंतर 'तू' झाले. माझ्या नवऱ्याला वाटलं जवळीक वाढली.

त्यानंतर त्यांच्याकडून काही आलं की इथल्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलवर, जेवण बांधून देतात तसल्या प्लास्टिकच्या डब्यात यायचं. "डबा परत देऊ नकोस, टाकून दे." आधी स्टीलचा डबा यायचा. आपल्यात रिकामा डबा परत देत नाहीत, म्हणून मी काहीतरी घालून द्यायची. धपाटे, चटणी. आता माझा डबा जायचा आणि तसाच धुतलेला, रिकामा यायचा. रिकामा. कुणी कितीही आडमुठं असलं तरी चिमूटभर साखर घालतं. पुढे एकदा त्यांच्या मुलानेच माझ्या मुलीला शाळेत सांगितलं की तुझ्या मम्मीचं फूड आमच्याकडे रबिश शूटमध्ये, कचरा टाकायच्या नळीत, जातं. मुलीने मला तसंच येऊन सांगितलं, आणि विचारलं की त्यांना तिखट लागतं का.

मी म्हटलं, हो, तिखट लागतं.

वर्ष संपता संपता वहिनींनी फ्लॅट मागितला. भाचा येणार होता म्हणे, नोकरीला. भाचा अजून आलेला नाही. फ्लॅटमध्ये सध्या नाशिकचं एक जोडपं राहतं, त्यांच्या गौरी उभ्याच्या आहेत.

आम्हाला वुडलँड्सला घर मिळालं. पार उत्तरेला. आता शाळेत सांगायला हवं होतं. सांगितलं की मुलीची शाळा जाणार. मी वहिनींना किल्ली द्यायला गेले तेव्हा डोळे सुजलेले होते. वहिनी म्हणाल्या, "एवढं काय त्यात? पत्ता राहू दे आमचा. कोण बघायला येतंय? वर्षभराचा तर प्रश्न." मग म्हणाल्या, "आईंचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे. तू शनिवारी येऊन जरा बघत जा. घरच्यासारखं."

मी त्यांचे आभार मानले. दोनदा मानले.

निघताना त्यांनी दारातून सांगितलं, "आणि आंघोळीच्या आधी ये हं. सकाळी लवकर. आईंची आंघोळ झाली की मग त्यांची पूजा वगैरे असते."

मला त्यात काही वाटलं नाही. पेशंटचं वेळापत्रक असतं. हॉस्पिटलात आम्हीही विचारतो, पेशंटची आंघोळ झाली का.

असे शनिवार सुरू झाले. पुढे बुधवारची संध्याकाळही आली, मग वहिनींची मान धरली की तीही. शाळेच्या दिवसांत मुलीला अंधारातच उठवायचं, झोपेतच ट्रेनमध्ये बसवायचं, बिशानला गाडी बदलायची. ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपायची आणि तिच्या युनिफॉर्मला माझ्या ओल्या केसांचं पाणी लागायचं. मी तिला शिकवलं होतं, टीचरनी विचारलं तर कुठला पत्ता सांगायचा. ती पाढ्यासारखा म्हणायची. ब्लॉक, मजला, रस्ता. बरोबर म्हटला की मी "व्हेरी गुड" म्हणायची. हे मी माझ्या मुलीला शिकवत होते. मला त्याची लाज वाटते, आणि ज्यांच्यामुळे शिकवावं लागलं त्यांचा राग त्याहून जास्त येतो.

वहिनी शाळेत पालक-स्वयंसेवक होत्या. गळ्यात बिल्ला घालून गेटवर उभ्या असायच्या. एका बुधवारी मला ड्युटीमुळे जमलं नाही, मी फोन करून सांगितलं. दुसऱ्या दिवशी गेटवर त्या माझ्याजवळ आल्या. आवाज अगदी मऊ.

"काल आई वाट बघत होत्या. तू बिझी असतेस, कळतं मला. पण बघ हं, उद्या शाळेतून मला कुणी विचारलं तर मला काही खोटं बोलता यायचं नाही."

एवढं बोलून त्यांनी माझ्या मुलीच्या गालाला हात लावला नाही, तिच्या पाण्याच्या बाटलीला लावला. "छान आहे गं बाटली." म्हणाल्या आणि गेल्या.

त्या दिवसानंतर मी एकही बुधवार चुकवला नाही.

नवरा म्हणायचा, "गिळ. वर्षाअखेरपर्यंत गिळ. मग कोण वहिनी न कोण आजी." तो वाईट माणूस नाही. तोही तिथूनच आलाय. पण गिळायची सवय लागली की माणसाला तीच अक्कल वाटायला लागते. आजींबद्दल सांगायचं तर आजी गोड बोलायच्या. "पोरी, तुझ्या हाताला गुण आहे गं." सदाशिव पेठेतल्या गोष्टी सांगायच्या. मला त्या आवडायच्याही, खोटं कशाला सांगू. पाय हातात असताना माणूस माणसाशी बोलतोच. त्यांचा गुडघा सुधारत होता, आणि मला त्याचा आनंद व्हायचा. कामाचा आनंद असतो.

आणि मग, त्या कागदी पेल्यानंतरचा तो शनिवार.

सकाळी मुलीचं पोट दुखत होतं. घरून निघायलाच उशीर झाला. वहिनींच्या दारात पोहोचलो तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. वहिनींनी दार उघडलं आणि घड्याळाकडे पाहिलं. आजी सोफ्यावर बसल्या होत्या. केस ओले, कपाळाला गंध, धुवट लुगडं. उदबत्तीचा वास येत होता. मी नेहमीसारखी फरशीवर बसले आणि पायाला हात लावायला वाकले.

आजींनी पाय ओढून घेतला.

ऑपरेशन झालेला पाय. जो वाकवताना त्या "आई गं" म्हणायच्या, तोच पाय झटक्यात वर घेऊन लुगड्याखाली. महिनोन्महिने मी तो तितका वाकवू शकले नव्हते.

"थांब, थांब. झाली माझी," त्या म्हणाल्या.

"काय झाली?" मी विचारलं. मला खरंच कळलं नव्हतं.

वहिनी म्हणाल्या, "अगं, आंघोळ झाली त्यांची. म्हणून तर सांगते ना मी, आंघोळीच्या आधी ये, आंघोळीच्या आधी ये. आता परत आंघोळ, परत सोवळं. या वयात किती वेळा न्हायचं त्यांनी?"

माझा हात तसाच हवेत होता.

तेव्हा मला सगळे शनिवार दिसले. मी लिफ्टमधून खाली जात असताना वरती नळ सुरू होत असणार. मी ट्रेनमध्ये बसेपर्यंत आजी स्वच्छ झालेल्या असणार. मला वाटत होतं मी त्यांचा गुडघा बरा करतेय. त्या मला दर वेळी धुऊन काढत होत्या. माझी आजी ज्या उंबऱ्याबाहेर उभी राहायची, तीच ही जागा. फक्त इथे फरशी इटालियन होती आणि खाली स्विमिंग पूल होता.

मी काही बोलायच्या आत वहिनींनीच मार्ग काढला. त्या मार्ग काढण्यात हुशार आहेत. म्हणाल्या, "असं कर. तू नको लावूस हात. तू नुसतं सांग, तुझ्या मुलीला करू दे. लहान मुलांना काही नसतं."

अगदी मनापासून म्हणाल्या. त्यांना वाटलं त्या मोठं मन दाखवतायत. लहान मुलांना विटाळ नसतो, हे त्यांच्या शास्त्रात बसत होतं. मग तो कुठल्या वर्षी येऊन चिकटतो, ते त्यांनाच माहीत.

माझी मुलगी उठली. तिने बाटली खाली ठेवली. तिला आनंद झाला होता, आई करते ते आपल्याला करायला मिळणार म्हणून. "आय नो हाऊ, आय नो," म्हणत ती माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसली. आजींनी पाय पुन्हा बाहेर काढला. आणि माझ्या मुलीने तो घेतला. टाच तळहातात, बोटं घोट्यामागे. अगदी माझ्यासारखी. मी तिला कधी शिकवलं नव्हतं. ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून शिकली होती.

"हात हलका आहे गं हिचा," आजी म्हणाल्या.

"शिकू दे," वहिनी म्हणाल्या. "पुढे उपयोगी पडेल."

माझ्या अंगातून काहीतरी सरकन वर आलं. राग म्हणतात तेच. पण इतके दिवस मी ज्याला राग समजत होते तो हा नव्हता.

"ऊठ," मी म्हटलं.

"बट मम्मी..."

"ऊठ म्हटलं ना."

ती घाबरून उठली. मी तिचा हात धरला आणि तिला घेऊन वहिनींच्या स्वयंपाकघरात गेले. तिथे मी कधी गेले नव्हते. मला कुणी जाऊ नको असं म्हटलं नव्हतं. म्हणायची गरज पडू नये, अशीच सगळी व्यवस्था होती. फडताळातून स्टीलचं फुलपात्र काढलं. फिल्टरचा नळ सोडला. आधी मुलीला दिलं. तिने माझ्याकडे बघत बघत प्यायलं. मग तेच पुन्हा भरून मी प्यायले, तोंड लावून, शेवटच्या घोटापर्यंत. खरंच तहान लागली होती.

वहिनी दारात आल्या होत्या. "अगं, अगं, मी देते ना..." म्हणाल्या.

फुलपात्र मी ओट्यावर ठेवलं. विसळलं नाही.

"वहिनी, सोमवारी मी शाळेत सांगते, आम्ही इथे राहत नाही."

"वेड लागलंय का तुला?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "सहा महिने राहिलेत. पोरीचं नुकसान करशील. आम्ही एवढं केलं तुझ्यासाठी. आणि हे बघ, आमच्या मनात तसलं काही नाही हं."

"तसलं म्हणजे कसलं?"

त्यांनी बाहेर सोफ्याकडे हात केला. म्हणाल्या, "आईंचं वय बघ. सवय असते जुनी."

"मला पण जुनी सवय होती," मी म्हटलं. "आजपासून मोडली."

लिफ्टमध्ये मुलगी रडायला लागली. "मम्मी, आय डू समथिंग राँग, इज इट?" मी तिला जवळ घेतलं. "नाही," म्हटलं. एवढंच सुचलं.

घरी नवरा चिडला. मुलगी आतल्या खोलीत होती म्हणून आवाज दाबून चिडला. "पाणी प्यायलीस, छान केलंस. पण शाळेला कशाला सांगायचं? वहिनी सांगणार नाहीत. त्याही अडकतील ना."

"त्या सांगणार नाहीत हे मला माहीत आहे. म्हणूनच मी सांगणार."

"आणि शाळा?"

"शाळा जाईल."

"तुझ्या अभिमानापायी?"

मी त्याला विचारलं, "तुझ्या मुलीने आज कुणाचा पाय धरला ते ऐकलंस ना? कसा धरला, ते मी तुला करून दाखवू?"

तो बसला. म्हणाला, "सोमवारी मी पण येतो." सुट्टी टाकून आला.

उपमुख्याध्यापिका चिनी होत्या. पन्नाशीच्या, केस आखूड. मी सरळ सांगितलं. आम्ही डिसेंबरमध्ये घर सोडलं, पत्ता बदलला नाही, चूक आमची आहे. त्यांनी चष्मा काढला. त्यांना कळेना, हे आत्ता येऊन का सांगतायत. म्हणाल्या, "ओन्ली सिक्स मोअर मंथ्स, यू नो." मी म्हटलं, आय नो. कारण त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्यांना काय कळणार होतं? आंघोळ आणि शाळेचा संबंध त्यांना कुठून लावून दाखवू?

सत्राच्या शेवटी मुलीचं नाव निघालं. वुडलँड्सच्या शाळेत जागा मिळाली. आमच्या निळ्या ओळखपत्रांच्या मागे नव्या पत्त्याची पट्टी चिकटली.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. नियमाने माझा अपमान केला नाही. नियम कोरडा होता. त्याने मला आत घेतलं तेव्हा प्रेमाने घेतलं नव्हतं, बाहेर काढलं तेव्हा तिरस्काराने काढलं नाही. पण नकाशावर शाळेभोवती ते एक किलोमीटरचं वर्तुळ मी अजून विसरत नाही. चांगल्या शाळेभोवती वर्तुळ, वर्तुळात घरं महाग, घरांचे मालक ठरलेले. आत कोण आणि बाहेर कोण. आमच्या गावालाही असंच कूस होतं, बाहेर आमची वस्ती. फक्त ते मातीचं होतं. आणि कुसाच्या आतल्या माणसाला बाहेरच्याचे हात हवेच असतात, तेही तसंच राहिलंय.

मुलगी माझ्यावर रागावली. हे गोड करून सांगणार नाही. तिच्या दोन मैत्रिणी सुटल्या. नव्या शाळेत डब्याच्या सुट्टीत ती एकटी बसायची. दोन आठवडे ती माझ्याशी धड बोलली नाही. माझ्या हातून वेणी घालून घेईना, स्वतःच कशीतरी बांधायची. मी रोज सकाळी त्या वाकड्या वेणीकडे बघत होते.

वहिनींचा मेसेज आला. आईंचा गुडघा परत आखडला. झालं गेलं विसर. ये ना, शनिवारी. कधीही ये. 'कधीही' असं लिहिलं होतं.

मी उत्तर लिहिलं. आजींना हॉस्पिटलात घेऊन या. अपॉइंटमेंट घ्या, रांगेत बसा. माझ्याकडे नंबर लागला तर मी नीट बघेन. माझ्या टेबलावर झोपावं लागेल, त्या टेबलावर सगळे झोपतात.

आल्या नाहीत.

मागच्या रविवारी मुलीच्या नव्या वर्गातल्या एकीचा वाढदिवस होता. आमच्याच ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, टेबलं मांडून. नूडल्स, केक, फुगे. वाढदिवस असलेल्या मुलीच्या आईने सगळ्यांना सरबत दिलं. कागदी पेल्यात. माझ्या मुलीने पेला घेतला नाही. "आय डोन्ट वॉन्ट," म्हणाली आणि स्वतःची बाटली पुढे केली. त्या बाईला वाटलं, नाजूक पोर आहे. तिने हसून बाटलीत ओतलं.

मी मुलीला बाजूला घेतलं. म्हटलं, "इथे सगळ्यांनाच कागदी आहेत. बघ. बर्थडे गर्लला पण."

तिने सगळ्या टेबलांवर नजर फिरवली. नीट तपासलं. मग म्हणाली, "देअर, ओन्ली अस."

"हो. तिथे फक्त आपल्याला."

"बिकॉज काच फुटते?"

मी पुन्हा हो म्हणू शकले असते. तिखट लागतं म्हणाले होते, तसं. फुगे होते, केक होता, रविवार होता. ती आठ वर्षांची होती.

"नाही," मी म्हटलं. "काच फुटते म्हणून नाही."

आणि तिथेच खांबाला टेकून मी तिला सांगितलं. मराठीत सांगितलं, जातीचं नाव घेऊन. माझ्या आजीचं सांगितलं. उंबऱ्याचं, आंघोळीचं, रबिश शूटचं. तिला सगळं कळलं असं नाही. मध्ये मध्ये ती इंग्रजीत विचारत होती, मी मराठीत उत्तर देत होते. शेवटी तिने विचारलं, "देन व्हाय यू सिट देअर सो लाँग?"

तुझ्या शाळेसाठी, असं ओठांवर आलं होतं. ते मी आत ढकललं. तो भार तिच्या डोक्यावर नाही द्यायचा.

"पुन्हा बसणार नाही," मी म्हटलं. "तूही नाही. कुणाच्याही घरात. कुठल्याही शाळेसाठी नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. विश्वास ठेवावा की नाही, असं बघत होती. बघू दे. मी आता तिच्या नजरेसमोर राहणार आहे. कुणी गौरी विचारल्या तर मी उत्तर देईन, मोठ्याने, आमची जात सांगून, बर्फी हातात घ्यायच्या आधी.